खुर्ची कुठे गेली?

जॅक टॉरन्स हॉटेलच्या अवाढव्य दालनात टाइपरायटरपुढे बसला आहे. बायको, वेंडी, आत येते आणि आज बर्फ पडणार म्हणतात, असं काहीतरी साधंच बोलते. तो तिच्यावर खेकसतो. मी कामाला बसलो की इकडे फिरकायचं नाही, म्हणून बजावतो. कॅमेरा एकदा तिच्यावर, एकदा त्याच्यावर. त्याच्या पाठीमागे भिंतीशी एक खुर्ची आहे. पुढच्या खेपेला कॅमेरा त्याच्याकडे येतो तेव्हा ती खुर्ची नाही. जरा वेळानं बघावं तर परत आहे.

स्टॅन्ली क्युब्रिकचा 'द शायनिंग' १९८० साली आला. स्टीफन किंगच्या १९७७च्या कादंबरीवरून घेतलेला. हिवाळ्यात बंद असणारं डोंगरातलं हॉटेल, त्याची राखण करायला आलेलं एक कुटुंब, आणि हळूहळू डोकं फिरत जाणारा नवरा. या चित्रपटाचे भक्त जगभर आहेत, आणि ते त्या खुर्चीवरून भांडतात. एक पक्ष म्हणतो, चूक आहे, सरळ चूक. दोन टेकच्या मधे कुणीतरी खुर्ची हलवली आणि परत ठेवायची राहिली. दुसरा पक्ष म्हणतो, क्युब्रिकच्या चित्रपटात चूक असूच शकत नाही. हॉटेल झपाटलेलं आहे ना? मग खुर्ची हॉटेलनं हलवली. आमच्या घरातली तरुण मंडळी दोन्ही पक्षांत वाटली गेली आहेत, आणि एकदा वाद सुरू झाला की ताटातला भात निवून जातो.

मला भयपटांची फारशी हौस नाही. तरी या वादात मी कान देऊन बसते, कारण तो खुर्चीचा राहतच नाही. एखाद्याकडून चूक झाली असं म्हणायला आपण केव्हा तयार असतो आणि केव्हा नसतो, हे त्यात फार उघडं दिसतं. गावच्या हौशी नाटकात महाराजांच्या मनगटावर घड्याळ दिसलं की अख्खा मांडव हसतो. महाराज काळाच्या पलीकडचे आहेत हे दिग्दर्शकाला सुचवायचं असेल, असं तिथे कुणी म्हणत नाही. तेच घड्याळ मोठ्या नावाखाली आलं की आपण अर्थ शोधायला लागतो.

अशा चुका का होतात हे आधी बघायला हवं, कारण त्यात गूढ काही नाही. पडद्यावर दोन मिनिटांत संपणारं संभाषण प्रत्यक्षात तासन्‌तास, कधी दिवसच्या दिवस चाललेलं असतं. आधी एका बाजूनं सगळं चित्रित करायचं, मग दिवे हलवायचे, कॅमेरा फिरवायचा, आणि दुसऱ्या बाजूनं तेच पुन्हा. मधे जेवणाची सुट्टी होते. कुणीतरी दिव्याचा स्टँड ठेवायला खुर्ची बाजूला घेतो. 'द शायनिंग'चं चित्रीकरण लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत जवळजवळ वर्षभर चाललं, आणि क्युब्रिक एकेका शॉटचे ढिगानं टेक घेणारा. त्यात १९७९च्या सुरुवातीला स्टुडिओत आग लागली आणि त्या मोठ्या दालनाच्या सेटचं फार नुकसान झालं. एवढ्या रामरगाड्यात एक खुर्ची जागची हलली, यात नवल ते काय? हललेल्या खुर्च्या पडद्यावर याहून जास्त दिसत नाहीत, नवल वाटायचंच तर त्याचं वाटावं.

शिवाय संकलकाला चूक दिसली तरी तो ती ठेवू शकतो. वॉल्टर मर्च या नावाजलेल्या अमेरिकन संकलकानं शॉट कुठे कापावा याचे सहा निकष सांगितले आहेत आणि त्यांना अर्धवट गमतीनं टक्केही दिले आहेत. भावनेला ५१, कथेला २३, लयीला १०. वस्तू आणि माणसं आपापल्या जागी आहेत की नाहीत याला शेवटचा नंबर आणि अवघे ४. नटाचा चेहरा ज्या टेकमध्ये खरा लागला तो घ्यायचा. मागची खुर्ची गेली तर गेली. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. जॅक निकल्सनच्या चेहऱ्याकडे बघायचं सोडून ज्याची नजर भिंतीकडे गेली, त्याला तसंही तो प्रसंग भिडलेला नाही.

इथवर पहिल्या पक्षाचं खरं. पण भयपटाची एक अडचण आहे, आणि ती दुसऱ्या पक्षाला बळ देते. सामाजिक चित्रपटात खुर्ची नाहीशी झाली तर ती चूकच, कारण त्या जगात खुर्च्या आपोआप नाहीशा होत नाहीत. झपाटलेल्या हॉटेलात होऊ शकतात. चूक ओळखायची आपली फूटपट्टीच तिथे मोडून पडते. जिथे मेलेला माणूस दारू ओततो, तिथे काय जागचं हललं आणि काय मुळातच तसं होतं, हे कशावरून ठरवायचं?

तरी ठरवता येतं, निदान काही ठिकाणी. त्याच चित्रपटात सुरुवातीला हॉटेलच्या व्यवस्थापकाची कचेरी दिसते. त्याच्या पाठीमागे मोठी खिडकी, तिच्यातून ऊन येतंय, बाहेर झाडं दिसताहेत. पुढे कॅमेरा त्या भागात फिरतो तेव्हा लक्षात येतं, की ही खोली इमारतीच्या पोटात आहे. तिच्यामागून बोळ जातो. खिडकी तिथे असूच शकत नाही. ही खिडकी आणि ती खुर्ची एका जातीच्या गोष्टी नाहीत. खुर्ची विसरता येते. खिडकी विसरून बसत नाही. ती कुणीतरी बांधली, तिच्यामागे झाडं आणून ठेवली, उन्हासारखा दिवा लावला. जिथे श्रम आणि पैसा खर्च झाला तिथे विचारही झाला असणार, असं आपण धरू शकतो. अर्थात तो विचार 'कचेरीत उजेड हवा' एवढाच असू शकेल. पण चित्रपटाचा कार्यकारी निर्माता यान हार्लन यानं पुढे सांगितलं, की सेट मुद्दाम बेताल बांधला होता. एवढी मोठी नृत्यशाळा बाहेरून दिसणाऱ्या त्या इमारतीत मावूच नये, आपण कुठे आहोत हे बघणाऱ्याला कळू नये, असाच हेतू होता. तेव्हा खिडकीपुरता दुसरा पक्ष जिंकला म्हणावं लागेल.

मधल्या गोष्टी मात्र छळतात. व्यवस्थापक सांगतो, की १९७० साली इथल्या राखणदारानं बायको आणि दोन मुलींना मारलं. त्याचं नाव चार्ल्स ग्रेडी. पुढे जॅकला जो भेटतो तो स्वतःचं नाव डेल्बर्ट ग्रेडी सांगतो. मुली साधारण आठ आणि दहा वर्षांच्या होत्या असं ऐकतो, आणि दिसतात त्या जुळ्यांसारख्या. हॉटेलच्या बागेत झुडपांचा चक्रव्यूह आहे, ज्यात शेवटचा सगळा थरार घडतो. पण विमानातून घेतलेल्या दृश्यात हॉटेलभोवती तो कुठेच नाही. याचं कारण सोपं आहे. बाहेरून दिसणारी इमारत ऑरेगनमधल्या माउंट हूडवरचं टिंबरलाइन लॉज आहे, आणि तिथे असला चक्रव्यूह नाही. आणि जॅकचा टाइपरायटर, जो आधी फिकट रंगाचा आहे आणि पुढे गडद होतो? खुर्चीसारखा तो विसरण्यात जमा करता येत नाही, कारण टाइपरायटर काही चुकून रंग बदलत नाही. कुणीतरी तो रंगवला किंवा दुसरा आणला. आणि खिडकीसारखा हेतूत जमा करावा, तर त्यातून काय सांगायचंय ते कळत नाही. ही गोष्ट मी उघडीच ठेवते.

उघडं ठेवणं न सोसणाऱ्यांवर २०१२ साली एक माहितीपट निघाला, 'रूम २३७'. त्यात पाच जण 'द शायनिंग'चा आपापला अर्थ सांगतात. एकाला तो अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या कत्तलीबद्दल वाटतो, दुसऱ्याला ज्यूंच्या संहाराबद्दल. तिसऱ्याचं म्हणणं, माणूस चंद्रावर उतरल्याची दृश्यं क्युब्रिकनंच खोटी चित्रित केली आणि या चित्रपटात त्याची कबुली दिली. लहानग्या डॅनीच्या दारावर डोपी नावाच्या बुटक्याचं चित्र चिकटवलेलं असतं आणि नंतर ते नाहीसं होतं. तर म्हणे पोर आता बावळट राहिला नाही, त्याला सगळं कळलं. टाइपरायटर 'ॲडलर' कंपनीचा, म्हणजे जर्मन, म्हणून नाझी. क्युब्रिकचा वर्षानुवर्षांचा सहायक लिऑन व्हिटाली हे बघून हसला होता. तो टाइपरायटर क्युब्रिकचा स्वतःचा होता, घरातला, असं त्यानं सांगितलं.

आणि तो प्रसिद्ध खोली क्रमांक, २३७. चंद्र पृथ्वीपासून २,३७,००० मैलांवर आहे, म्हणून हा आकडा, असं ते चंद्रवाले सांगतात. चंद्राचं सरासरी अंतर २,३९,०००च्या आसपास आहे, पण ते जाऊ दे. कादंबरीत खोली २१७ होती. टिंबरलाइन लॉजच्या लोकांना धास्ती वाटली, की चित्रपट बघून उद्या २१७मध्ये कुणी राहणारच नाही. म्हणून त्यांच्याकडे नसलेला आकडा घ्या, अशी त्यांनी विनंती केली. झालं ते एवढंच. आज त्या लॉजमध्ये सर्वांत जास्त मागणी २१७लाच असते, असं तेच लोक सांगतात. माणसाच्या हिशेबाचं काय होतं बघा.

या सगळ्या अर्थ लावणाऱ्यांची मी थट्टा करते आहे असं वाटेल. तसं नाही. एखादी गोष्ट इतक्या प्रेमानं, इतक्या बारकाईनं बघणं हे थोडं नाही. पण 'ज्याचं त्याचं मत, सगळीच खरी' असं म्हणून हा वाद मिटवतात, ते मला पटत नाही. आमच्या जैन घरांत तर लगेच अनेकान्ताचं नाव घेतलं जातं. आंधळे आणि हत्ती, कुणाला सोंड लागली, कुणाला पाय, सगळेच आपापल्या परीनं बरोबर. पण त्या गोष्टीत हत्ती आहे, आणि सगळ्यांचे हात हत्तीलाच लागलेले आहेत. एखाद्याचा हात गोठ्याच्या खांबाला लागला असेल तर? 'स्यात्' म्हणजे 'असेलही बुवा' नव्हे. कोणत्या अपेक्षेनं, कोणत्या बाजूनं मी हे म्हणते, ते सांगायची जबाबदारी त्या एका शब्दात आहे. खुर्ची हॉटेलनं हलवली असं म्हणायचं असेल तर म्हणा, पण मग ती कुणीतरी विसरला असती तर पडद्यावर काय वेगळं दिसलं असतं, हेही सांगा. काहीच वेगळं दिसलं नसतं, असं उत्तर असेल तर तुमचा हात खांबाला आहे.

आता मला खरं जे बोलायचंय ते. ती खुर्ची जर चूक असेल, तर कुणाची?

चित्रपटाच्या सेटवर एक काम असतं: कंटिन्युइटी. कुठल्या टेकमध्ये सिगारेट किती जळली होती, पेला डाव्या हातात होता की उजव्या, केसांची बट कानामागे होती की पुढे, हे सगळं टिपून ठेवायचं, पोलरॉइड फोटो काढून ठेवायचे, आणि चार दिवसांनी, चार आठवड्यांनी तोच प्रसंग पुढे चालवताना सगळं जसंच्या तसं लावून घ्यायचं. इंग्लंड-अमेरिकेत हे काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांकडे राहिलं. तिला 'कंटिन्युइटी गर्ल' म्हणत, मग ती पन्नाशीची का असेना. 'द शायनिंग'च्या नामावलीत या कामापुढे जून रँडॉल हे नाव आहे. चित्रपटावर तासन्‌तास बोलणाऱ्यांच्या तोंडून ते मी एकदाही ऐकलेलं नाही.

हे काम नीट झालं की दिसत नाही. शेकडो शॉट एकमेकांना बेमालूम जुळले, तर ती क्युब्रिकची शिस्त, क्युब्रिकची नजर. एक खुर्ची चुकली, तर कुणाचं तरी लक्ष नव्हतं. आपल्याकडच्या कार्यात याहून वेगळं काय असतं? सूर्य मावळायच्या आत तीनशे पानं उठवायची, मीठ-लिंबापासून ताकापर्यंत सगळं वेळेवर पोचवायचं. पोचलं, तर अमुक अण्णांनी कार्य झकास केलं. शेवटच्या पंगतीला भात जरा कमी पडला, की आत कोण होतं गं? श्रेय मांडवात बसतं, चूक स्वयंपाकघरात शोधतात.

पहिला पक्ष, चुका शोधणारा, निदान या बाईचं अस्तित्व तरी मान्य करतो. दोष देण्यापुरतं का होईना. दुसरा पक्ष फार भक्तिभावानं तेवढंही पुसून टाकतो. चूक नाहीच, सगळं त्याच्या मनात होतं, असं म्हटलं की सेटवर राबणारी शंभर-दोनशे माणसं एकदम नाहीशी होतात. सुतार नाही, दिवेवाला नाही, वहीत टिपणं घेणारी बाई नाही. उरतं ते एक सर्वज्ञ डोकं आणि त्याच्या हातातली प्यादी. त्या खुर्चीपेक्षा कितीतरी अधिक माणसं अशी गायब होतात, आणि त्यांची यादी कुणी करत नाही.

यात गंभीर काय आहे, असं कुणी विचारेल. चित्रपटच तर आहे. गंभीर ते पुढे आहे.

वेंडीचं काम करणारी शेली डुव्हाल या चित्रपटात किती पिळून निघाली हे आता सर्वांना ठाऊक आहे. हातात बॅट घेऊन ती जिन्यावर मागे मागे सरकते त्या प्रसंगाचे १२७ टेक घेतले, अशी आख्यायिका आहे. त्या सेटवर कॅमेरा चालवणारा गॅरेट ब्राऊन हा आकडा मानत नाही. त्याच्या मते तो बराच कमी होता. आकडा सोडा. क्युब्रिकच्या मुलीनं, व्हिव्हियननं, त्या वेळी सेटवर केलेला छोटा माहितीपट आहे. त्यात तो सगळ्यांदेखत तिला कसा फटकारतो ते दिसतं. पुढे तिनं त्याच्याविषयी कडू आणि गोड दोन्ही सांगितलं, आणि तिचा तो अधिकार होता. मला अडतं ते बघणाऱ्यांचं बोलणं. तो मुद्दाम करत होता, तिच्या चेहऱ्यावर खरी दमछाक हवी होती म्हणून, असं लोक कौतुकानं सांगतात. 'मुद्दाम' हा शब्द खुर्चीला लावता लावता माणसाला लागला. खुर्ची हलली ती मुद्दाम, म्हणून चूक नाही. बाई रडली ती मुद्दाम रडवली, म्हणून तेही चूक नाही. एरवी आपण काय म्हणतो? पाय चुकून लागला तर सोडून देतो, मुद्दाम मारला तर जाब विचारतो. इथे नेमकं उलटं झालंय. हेतू होता, एवढ्यानंच दोष धुऊन निघतो.

त्या वर्षीच्या सर्वांत वाईट कामांना बक्षिसं देणारे थट्टेखोर 'रॅझी' पुरस्कार तेव्हा नवेच सुरू होत होते. पहिल्याच यादीत वाईट अभिनेत्री म्हणून शेली डुव्हालचं नाव होतं. वाईट दिग्दर्शक म्हणून क्युब्रिकचंही होतं. २०२२ साली त्या लोकांनी तिचं नामांकन मागे घेतलं. क्युब्रिकनं तिला जसं वागवलं त्याचा तिच्या कामावर परिणाम झाला होता, असं म्हणून. तोवर एकेचाळीस वर्षं लोटली होती. २०२४च्या जुलैमध्ये ती गेली. तिचं नाव वगळण्याचं मी स्वागत करते, पण कारण मात्र मला तितकंसं रुचत नाही. तिचं काम वाईट नव्हतंच. तिच्या डोळ्यांतली भीती नसती तर त्या हॉटेलची कुणाला भीती वाटली असती? दया दाखवतानाही त्यांनी तिच्या कामाचं श्रेय तिला दिलं नाही.

क्युब्रिकला मी लहान करत नाही. उलट, तो चुकू शकत होता असं मानलं तरच त्याचा मोठेपणा मला कळतो. ज्याचं चुकणं शक्यच नाही त्याच्या बरोबर असण्यात काय मोठं? आणि तो स्वतः आपल्या कामाकडे असं पोथीसारखं बघत नव्हता, याला पुरावा आहे. चित्रपट अमेरिकेत लागला तेव्हा त्याच्या शेवटी दोन मिनिटांचा आणखी एक प्रसंग होता: वेंडी इस्पितळात आहे आणि हॉटेलचा व्यवस्थापक तिला भेटायला येतो. चित्रपट लागून काही दिवस झाल्यावर क्युब्रिकला वाटलं, हे नको होतं. चित्रपटगृहांना निरोप गेले, चालू चित्रपटाच्या प्रतींतून तो तुकडा कापून परत पाठवायला लावला. पुढे युरोपसाठी तर त्यानं आणखी वीस-पंचवीस मिनिटं काढून टाकली.

तो शेवटचा प्रसंग आज बघायला मिळत नाही. पटकथेची काही पानं राहिली आहेत. आणि सेटवर कंटिन्युइटीसाठी काढलेले थोडे पोलरॉइड फोटो.